परदेशी इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांच्या सलणाऱ्या सवयी

इसानवासी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

थायलंडच्या ईशान्येला, इसान भागातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी सहा वर्षांपासून इंग्रजी शिकवते आहे. त्याआधी पुण्यात आठ वर्षे हेच काम केले. आपल्यासारख्या, परदेशी जाऊन इंग्रजी शिकवणाऱ्या लोकांच्या काही सवयींबद्दल बरेच दिवस मनात साचले आहे. ते आज सविस्तर लिहिते, कारण येथे तिकडे शिकवणारे, शिकवायला जाऊ पाहणारे आणि ज्यांची मुले परदेशी शिक्षकांकडे शिकतात, असे सगळेच आहेत.

आमच्या शाळेत परदेशी शिक्षकांना वेगळी खोली आहे. इंग्लंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, फिलिपिन्स, कॅमेरून आणि भारत, इतक्या देशांतले शिक्षक या खोलीत माझ्या शेजारी बसून गेले. त्यांतल्या काहींकडून मी माझे काम नव्याने शिकले, हे आधीच सांगते. परंतु माणसे बदलली तरी काही सवयी त्याच राहतात. सुरुवातीला मला त्यांचा नुसता वैताग येत असे. आता वाईट वाटते, कारण त्यांची झळ आपल्यापेक्षा मुलांना अधिक लागते.

सर्वांत जास्त सलते ते मुलांच्या उच्चारांना हसणे. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी 'ल' येत नाही, तेथे 'न' उच्चारला जातो. म्हणून फुटबॉलचे 'फुटबॉन' होते आणि बिलाचे 'बिन' होते. येथे प्रत्येक मुलाला घरचे एक टोपणनाव असते, शिक्षकही त्याच नावाने हाक मारतात, आणि 'बॉल' हे त्यांतले अगदी नेहमीचे नाव आहे. आमच्याकडे 'मथ्थयोम एक'च्या वर्गात, म्हणजे आपल्या सातवीत, असाच एक बॉल होता. त्याची आई त्याला 'बॉन' म्हणत असे, आजी 'बॉन' म्हणत असे, आणि तोही स्वतःला बॉनच म्हणत असे. माझ्या एका सहकाऱ्याने पहिल्याच तासाला त्याला उभे केले, त्याचे स्वतःचे नाव त्याच्याकडून पाच-सहा वेळा घोकून घेतले आणि ते मोबाइलवर टिपून समाजमाध्यमावर टाकले. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मुलाला ते दिसले, कारण बारा वर्षांच्या मुलांच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही. पुढे ते अख्खे सत्र तो कोणत्याच इंग्रजीच्या तासाला तोंड उघडेना. मी मुद्दाम त्याला 'बॉन' अशी हाक मारू लागले, तेव्हा कुठे काही आठवड्यांनी वहीवरची नजर न उचलता त्याने मला एका शब्दाचे उत्तर दिले. थायलंडचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा १ जून २०२२ पासून पूर्णपणे लागू आहे, हे मी त्या सहकाऱ्याला सांगितले, तेव्हा चित्रफीत खाली उतरली. मात्र आपण काय केले हे त्याला उमगले होते, असे मला वाटले नाही.

दुसरी सवय म्हणजे दिवसभर चालणारी देशाची उणीदुणी. येथे कोणी काही आधी सांगत नाही, तास ऐन वेळी रद्द होतात, नापास मुलालाही वर ढकलतात, ही गाऱ्हाणी खोटी नाहीत. मीसुद्धा ती केली आहेत. पण ती त्याच खोलीत, मोठ्या आवाजात, शेजारी आपल्यासाठी कागदपत्रे भरत बसलेल्या थाई सहकारी बाईंसमोर करावीत का? त्या बाई इंग्रजीच्याच पदवीधर आहेत. त्यांना शब्द न् शब्द कळतो. त्या काही बोलत नाहीत, कारण थाई माणसाच्या अंगी 'क्रेंग चाय' नावाची एक वृत्ती मुरलेली असते. इंग्रजीत तिला नेमका शब्द सापडत नाही, असे सगळे परदेशी म्हणतात. मराठीत मात्र 'भीड' हा शब्द तिच्या अगदी जवळ जातो. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून आपले म्हणणे गिळायचे, हे आपल्या घरांतल्या आत्या-मावश्यांनी जन्मभर केलेले आपण पाहिले आहे. ऐन वेळी तास रद्द झाल्याचे कोणी स्पष्ट सांगत नाही, त्याच्या मुळाशीही पुष्कळदा हीच भीड असते.

तिसरी गोष्ट 'वाय ख्रू'ची आहे. 'ख्रू' हा आपला गुरू. शाळा मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाली की काही आठवड्यांत, बहुधा जूनमधल्या एखाद्या गुरुवारी, गुरुवंदनेचा हा सोहळा होतो. थाई भाषेतही त्या वाराचे नाव बृहस्पतीवरूनच आले आहे. मुले गुडघ्यांवर चालत शिक्षकांपुढे येतात आणि फुलांचे तबक वाहून कपाळ टेकवतात. त्या तबकात परंपरेने इक्झोराची फुले, वांग्याची फुले आणि दूर्वा असतात. इक्झोराची टोकदार कळी तल्लख बुद्धीसाठी असते, खाली झुकणारे वांग्याचे फूल नम्रतेसाठी असते, आणि रुजली की पसरतच जाणाऱ्या दूर्वा विद्येसाठी असतात. पाली भाषेतली प्रार्थना चालू असताना त्यात 'आचरिया' हा शब्द कानांवर पडला आणि समोर दूर्वांची जुडी दिसली, तेव्हा पहिल्या वर्षी माझे डोळे भरून आले होते. त्याच व्यासपीठावर माझ्या बाजूला बसलेला सहकारी मोबाइलवर सामना पाहत होता. त्याच्यापुढे गुडघे टेकून थांबलेल्या मुलीला, त्याने हात पुढे करेपर्यंत, तबक उंच धरून ताटकळावे लागले. दुसरा एक जण 'आज शिकवणे नाही' म्हणून आलाच नाही, आणि त्याच्या वाट्याची तबके रिकाम्या खुर्चीवर ठेवावी लागली.

सत्राच्या मध्यात न सांगता निघून जाणाऱ्यांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ती जखम ताजी आहे. येथे १६ जानेवारीला शिक्षक दिन असतो. गेल्या वर्षी त्यानंतरच्या आठवड्यात आमचा एक सहकारी रातोरात निघून गेला. मागे अठरा तास, न तपासलेल्या वह्या आणि गुण न भरलेला हजेरीपट राहिला. त्याच्या टेबलाच्या खणात मुलांनी शिक्षक दिनाला रंगवून दिलेली शुभेच्छापत्रे तशीच होती. ते अठरा तास फिलिपिन्सच्या एका सहकारी बाईंनी आणि मी मार्चपर्यंत वाटून घेतले.

आता आपल्या लोकांविषयी. भारतातून आलेल्या शिक्षकांमध्ये ओळख होताच पगार, आडनाव आणि मूळ गाव विचारण्याची घाई असते. फिलिपिनो सहकारी आपल्यापेक्षा कमी दर्जाचे आहेत असा सूर लावला जातो, आणि अमेरिकन सहकारी आला की आपला आवाज अचानक बदलतो, 'र' जिभेवर लोळू लागतो. मुलांना हा बदल लगेच जाणवतो. त्यातच थाई लिपी अशक्य आहे असे एक जण चार वर्षे सांगत होता. एके दिवशी मी त्याला अक्षरतक्त्यासमोर बसवले आणि पहिली ओळ वाचायला लावली. तिचा क्रम आपल्या क, ख, ग, घ, ङ याच वर्गाचा आहे. भाषा हा शब्द 'फासा' म्हणून, आचार्य हा 'आचान' म्हणून आणि विद्या हा 'वित्थया' म्हणून येथे रोज वापरला जातो. एवढी पायवाट आपल्यासाठी आधीच पडलेली असताना चार वर्षांत भाजीच्या भावापलीकडे आपली मजल जाऊ नये, याचे मला फार वाईट वाटते.

आपले अनुभव अवश्य लिहावेत. कोणत्याही शाळेचे किंवा व्यक्तीचे नाव मात्र लिहू नये, ही विनंती.

मेकाँगकाठ

ताई, तुमचे लेखन वाचून आमच्या स्टाफरूमचेच वर्णन वाचतो आहे असे वाटले. मी व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका शहरात, खाजगी इंग्रजी केंद्रात शिकवतो. येथील एक सवय आपल्या मराठी मनाला विशेष खटकेल.

व्हिएतनामी भाषेत 'मी' आणि 'तू' यांसाठी बहुतेक वेळा नात्याचेच शब्द वापरतात. मोठा भाऊ, मोठी बहीण, काका, धाकटे भावंड यांतून बोलणे सुरू होते, आणि शिक्षकाला 'थाय' किंवा शिक्षिकेला 'को' म्हणतात. त्यामुळे मुले इंग्रजी बोलतानाही स्वाभाविकपणे 'टीचर, टीचर' अशी हाक मारतात. यावर माझे काही सहकारी चिडून 'टीचर हे माझे नाव नाही, नावाने हाक मार' असे सुनावतात. आपण सबंध शाळा 'सर' आणि 'बाई' म्हणून काढली. एखाद्या बाईंनी आपल्याला 'मला सुमनच म्हण' असे दरडावले असते, तर आपली जीभ उचलली असती का? नावाने हाक मारण्याची पद्धत इंग्रजीत आहे, हे मुलांना अवश्य शिकवावे. पण आदराने मारलेल्या हाकेवर खेकसणे हे भाषा शिकवणे नव्हे.

दुसरे गाऱ्हाणे साहाय्यक शिक्षिकांबद्दल आहे. आमच्या केंद्रात प्रत्येक परदेशी शिक्षकाबरोबर वर्गात एक व्हिएतनामी साहाय्यक असते. ती बहुधा महाविद्यालयात शिकणारी किंवा नुकतीच पदवी घेतलेली मुलगी असते. वर्ग शांत ठेवणे, वह्या तपासणे, पालकांना निरोप देणे आणि रडणाऱ्या मुलाला बाहेर नेणे हे सारे ती करते, आणि तिचा पगार आमच्या पगाराच्या आसपासही नसतो. माझा एक सहकारी तासाला पाच मिनिटे उशिरा येतो, तिलाच खेळ सुरू करायला लावतो आणि मूल्यमापनाचे शेरेही तिच्याकडूनच लिहून घेतो. २० नोव्हेंबरला येथील शिक्षक दिनी मुलांनी आणलेली फुले मात्र त्याच्याच टेबलावर जमतात. गेल्या वर्षी आम्ही तिघांनी ठरवून आपल्या वाट्याचे गुच्छ साहाय्यकांच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्यातल्या एकीने घरी दाखवण्यासाठी त्यांचे छायाचित्र काढले.

मोकळी खिडकी

धागाकर्तीच्या भावना मला समजतात, परंतु गाऱ्हाणी करणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे, म्हणून लिहितो आहे.

मी बँकॉकच्या सीमेवरील एका शाळेत एजन्सीमार्फत दोन वर्षे शिकवले. माझा करार दहा महिन्यांचा होता, म्हणजे मोठ्या सुट्टीचा पगार नव्हता. दर ९० दिवसांनी इमिग्रेशन कार्यालयाला आपला पत्ता कळवायचा, वर्क परमिटची तारीख सांभाळायची, शिक्षक परवान्याच्या सवलतीची मुदत संपत आली की एजन्सीच्या मागे लागायचे, हे सारे सांभाळून पन्नास मुलांच्या वर्गात ध्वनिक्षेपकाशिवाय घसा फोडायचा. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर बोलायला कोणी नसे. अशा वेळी शिक्षकांच्या खोलीतली ती दहा मिनिटांची तक्रार हाच माझा विसावा होता. ती मिळाली नसती तर मीही रात्री बॅग भरून निघालो असतो. जे न सांगता जातात, त्यांतल्या कित्येकांचा पगार थकलेला असतो किंवा पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात असतो. आपण त्यांना लगेच बेजबाबदार ठरवतो, पण त्यांना कोणी 'जेवलास का' एवढेही विचारलेले नसते.

इसानवासी (धागाकर्ती)

तुमचा मुद्दा योग्य आहे, आणि माझ्या पहिल्या लेखनात तो यायला हवा होता. दहा महिन्यांच्या कराराचा अन्याय मी पाहिला आहे. ज्याचा पगार थकवला जातो, त्याने तेथे राहावे असे मी म्हणणार नाही.

मला वाटते, आपण एकमेकांजवळ मन मोकळे करणे आणि यजमानांच्या कानांवर पडेल असे बोलणे, यांत अंतर ठेवता येते. आम्ही आता शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाजाराजवळच्या सोमतामच्या गाडीवर भेटतो. कच्च्या पपईच्या त्या तिखट कोशिंबिरीबरोबर आठवड्याचे सगळे बोलून घेतो. खोलीतली गाऱ्हाणी आपोआप कमी झाली. जो गेला, त्याला आम्ही या गाडीवर कधी बोलावले नव्हते, हेही तुमचे लेखन वाचताना आठवले.

एदोगावाकर

मी शिक्षिका नाही, पालक आहे. तोक्योच्या एदोगावा विभागात आम्ही बारा वर्षे राहतो. निशी-कासाईच्या आसपास भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. बरीच मुले भारतीय शाळांत जातात, आमची मुलगी मात्र जपानी सरकारी शाळेत जाते. जपानमध्ये १९८७ पासून जेट नावाच्या सरकारी योजनेतून परदेशी तरुण शाळांमध्ये साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून येतात, शिवाय खाजगी कंपन्यांकडूनही असे शिक्षक पाठवले जातात. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाल्यावर मुलांचा त्यांच्याशी संबंध वाढला.

आमच्या मुलीला तीन वर्षांत तीन साहाय्यक शिक्षक मिळाले. प्रत्येकाने पहिले काही तास आपल्या गावाची, कुत्र्याची आणि आवडत्या पिझ्झाची चित्रे दाखवण्यात घालवले. मुलीला तिन्ही कुत्र्यांची नावे पाठ आहेत. हे मी हसून सोडून देते.

जे सोडून देता आले नाही, ते सांगते. दुसऱ्या शिक्षकाने तिला वर्गात 'व्हेरी' आणि 'वेरी' यांवरून पुन्हा पुन्हा थांबवले. आपला 'व' इंग्रजीतल्या दोन्ही अक्षरांच्या मधोमध कुठेतरी उच्चारला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. 'असे कोण बोलते' असे त्याने विचारल्यावर तिने 'आई' असे उत्तर दिले. तेव्हा 'मग आईचे ऐकू नकोस, ते खरे इंग्रजी नाही' असे तो म्हणाला. मी इंग्रजी साहित्यात एम.ए. केले आहे. पण त्या संध्याकाळी मुलीने माझ्याबरोबर इंग्रजी गोष्टीचे पुस्तक वाचायला नकार दिला, तेव्हा त्या पदवीचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

तिसरे शिक्षक अगदी निराळे निघाले. जपानी शाळेत मुले वर्गातच एकत्र जेवतात आणि नंतर शाळा स्वतः झाडून पुसून काढतात. आधीचे दोघे या वेळी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसत. हे तिसरे डोक्याला रुमाल बांधून मुलांबरोबर जिना पुसतात. मुलगी सांगते की इंग्रजी बोलायला सर्वांत सोपे जिन्यावर वाटते, कारण तेथे सरही चुकीचे जपानी बोलतात आणि मुले त्यांना सुधारतात.

हान नदी

दक्षिण कोरियातील अनुभव थोडक्यात सांगतो. येथे इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे ते देश. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारी करार २०१० मध्ये अमलात आल्यावर भारतीय शिक्षकांसाठी एक अरुंद दार उघडले, पण या क्षेत्रात आपली माणसे आजही विरळाच भेटतात. मी स्वतः येथे दुसऱ्या विषयावर संशोधन करतो, आणि माझी पत्नी एका अकादमीत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. तिचे पारपत्र त्या सात देशांपैकी एकाचे आहे.

ती सांगते की पारपत्रालाच पात्रता समजणे ही तिच्या सहकाऱ्यांची सर्वांत त्रासदायक सवय आहे. मुलाने 'येथे द का येतो' असे विचारले, तर 'कानाला तसे बरोबर वाटते म्हणून' असे उत्तर मिळते. कोरियन भाषेत असे उपपद नाही, मराठीतही नाही. त्यामुळे हा प्रश्न किती खरा आहे, हे मला घरबसल्या कळते. बायको आता 'द'चे धडे माझ्यावर करून पाहते आणि मग वर्गात घेते. उलट बाजूने हेही कबूल केले पाहिजे की आपल्याकडे शिकलेला शिक्षक याच प्रश्नावर नियमांची अकरा कलमे फळ्यावर लिहील, आणि मूल तोंडातून एक वाक्य न काढता घरी जाईल.

डोंगरशाळा

मी परदेशी कधी गेलो नाही, म्हणून येथे लिहावे की नाही याचा विचार करत होतो. सातारा जिल्ह्यातून माझी पहिली नेमणूक नंदुरबारच्या डोंगराळ भागात झाली. माझ्या वर्गातली मुले घरी पावरी बोलत. त्यांच्या मराठीला मी पहिल्या वर्षी हसलो होतो. कोणी टिपून ठेवले नाही, एवढाच फरक. एदोगावाच्या ताईंची हकिकत वाचून ती मुले डोळ्यांसमोर आली. पुढे मी पावरीतले शंभर-दीडशे शब्द एका वहीत उतरवून घेतले, आणि ते मला त्या मुलांनीच शिकवले. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

नवी पाटी

मी येत्या सत्रात प्रथमच थायलंडला शिकवायला जाणार आहे. एकशे वीस तासांचा टेफलचा, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा, अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. त्यात वर्गातले खेळ, पाठाची आखणी आणि फळ्याचा वापर हे सगळे होते, पण येथे चाललेल्या चर्चेतले काहीही नव्हते. माझ्या आधीचे शिक्षक सत्र अर्धवट सोडून गेले आहेत, एवढेच मला कळवले गेले आहे. अशा वर्गात पहिल्या दिवशी काय करावे, हे इसानवासी ताईंनी कृपया सांगावे.

इसानवासी (धागाकर्ती)

पहिल्या दिवशी खेळ घेऊ नका. मुलांनी तुमच्या आधीच्या शिक्षकांचे खेळ पाहिले आहेत, आणि तुम्ही किती दिवस राहणार याचा अंदाज ती घेत असतील. सकाळी आठला झेंडा चढताना मैदानात हजर राहा, कारण मुले ते पाहतात. मग वर्गात जाऊन प्रत्येकाचे टोपणनाव त्याच्याच तोंडून ऐका, जसे ऐकू येईल तसे देवनागरीत लिहून घ्या आणि लगेच त्याला म्हणून दाखवा. देवनागरीत लिहा असे मुद्दाम सांगते. रोमन अक्षरांत ती नावे बिघडतात, आपल्या लिपीत पुष्कळशी नीट उतरतात. सूर चुकेल, मुले हसतील, तुम्हीही हसा आणि पुन्हा म्हणा.

त्या जानेवारीनंतर आम्ही खोलीत एक जाड वही ठेवली आहे. जो शिक्षक जाईल, त्याने प्रत्येक वर्गासाठी दोन पाने लिहून जायचे, आणि अचानक जावे लागले तरी पुढच्याच्या हाती काहीतरी असावे म्हणून दर शुक्रवारी त्यात दोन ओळी भरायच्या. कोणता धडा कुठवर आला, कोणाला ऐकू कमी येते, कोण आजीजवळ राहतो, कोणाला उभे करून विचारू नये, हे त्यात असते. मथ्थयोम एकच्या पानावर नावांच्या रकान्यात सातव्या ओळीला माझ्या हस्ताक्षरात 'बॉन' लिहिले आहे. त्यापुढे फिलिपिनो बाईंनी इंग्रजीत भर घातली आहे की त्याला गोलरक्षक व्हायचे आहे, तेव्हा त्याला फुटबॉलबद्दल विचारावे आणि मध्ये थांबवू नये.